मगदूम सरांचा इनबॉक्स

मगदूम सर इंटरनेट खडूनं काढायचे.

थट्टा करत नाही. सकाळी सातला ते स्टँडजवळच्या कॅफेत जाऊन एखादं वेबपान वहीत उतरवून घ्यायचे आणि तिसऱ्या तासाला नववी ‘ब’च्या फळ्यावर ते जसंच्या तसं उभं करायचे. वर पत्त्याची पट्टी, उजव्या कडेला वरखाली सरकणारी पट्टी, मधे मजकूर, आणि ज्या शब्दावर दाबलं की दुसरं पान उघडतं तो शब्द निळ्या खडूनं, खाली रेघ मारून. कॅफेत एखादी जाहिरात मधेच उडी मारून आली असेल तर तीही पिवळ्या चौकटीत यायची. कोपऱ्यात ती बंद करायची फुलीसुद्धा.

“ब्रह्मपुत्रेवर कुणाला जायचंय?” सर विचारायचे. “बावीस नंबर, ऊठ. लाव बोट.”

बावीस नंबर फळ्यापाशी जाऊन निळ्या शब्दावर बोट टेकवायचा.

“एकदाच लाव की रं! किती येळा दाबतोस? हँग हुईल पान.”

मग सर डस्टर घेऊन सगळा फळा पुसायचे. वरून खाली, सावकाश. साठ पोरं खडूच्या धुरळ्यात श्वास रोखून बसायची. सर पाठमोरेच म्हणायचे, “थांबा. लोड व्हतंय.” आणि वरून खाली नवं पान उतरायला लागायचं. चित्र सगळ्यांत शेवटी, कारण कॅफेतही चित्र शेवटी यायचं. पान निम्मं काढून झालं असताना घंटा झाली तर सर खडू खाली ठेवायचे. “कनेक्शन तुटलं. उद्या.”

सर भूगोलाचे. तीस वर्षं नकाशे काढून हात असा बसलेला की डोळे मिटून गंगेचं खोरं काढतील. अंगात पांढरा शर्ट, खिशात चार रंगांचे खडू औषधाच्या रिकाम्या डबीत. शाळा कोल्हापुरात, राहायला जयसिंगपूरला. घरची बोली निम्मी कानडी. पान उघडलं नाही, पोरानं उत्तर चुकवलं, गाडी चुकली, कशावरही त्यांचं एकच म्हणणं, “होगली बिडरी.” म्हणजे जाऊ द्या, सोडून द्या. अख्ख्या शाळेला तेवढं कानडी येत होतं.

त्याच शाळेत मी संगणक शिक्षक होतो. म्हणजे कागदोपत्री इंटरनेट माझं होतं. दोन हजार चार-पाचची गोष्ट. वय चोवीस, नेमणूक कंत्राटी, दर जूनला नूतनीकरण. प्रयोगशाळेत सहा संगणक, त्यातले दोन चालू; उरलेल्या चारांवर मुख्याध्यापकांनी झालर लावलेली कापडं घातली होती, ती पाहुणे आले की बदलायची. इंटरनेटची तार फक्त मुख्याध्यापकांच्या खोलीत. ती खोली मुलांसाठी शिक्षेपुरतीच उघडायची.

मी पत्रकांच्या घरातला. वडील गिरणीत आणि गिरणीपेक्षा जास्त संघटनेत. मी अक्षरं अंकलिपीवर नाही, संपाच्या पत्रकांवर गिरवली. ‘क’ कमळाचा हे मला शाळेत कळलं. घरी तो कामगारांचा होता. एका उद्गारचिन्हानं काही हलत नाही, तीन लागतात, हेही तिथंच शिकलो. वडिलांचा पत्रकाबाबत एकच नियम होता. खाली नाव पाहिजे. बिननावाचं पत्रक म्हणजे मुतारीच्या भिंतीवरची ओळ. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

सर माझ्याकडं संगणक शिकायला यायचे. वयानं माझ्या दुपटीहून मोठे, पण दारात चप्पल काढून आत यायचे आणि विचारायचे, “पावणं उठल्यात का?”

पहिल्या दिवशी मला वाटलं, मला विचारतायत. ते संगणकाला विचारत होते. पडद्यावर सगळी चित्रं आली तरी सर पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहायचे.

“सर, सुरू झालाय. करा ना.”

“थांबा वो. पावणा दारात आला की लगीच कामाला लावता का? टेकू दे, पाणी-बिणी हुंदे.”

गंमत म्हणजे त्या जुन्या यंत्राला खरोखरच पाच मिनिटं लागायची. घाई करणारा मी. माझ्या हातात ते अडकायचं. सरांच्या हातात कधी अडकलं नाही. याचाही मला राग यायचा.

एका बोटानं, ऊस सोलावा तसं एकेक अक्षर सोलत, सर मराठी टाइप करायला शिकले. शिकल्यावर त्यांनी ब्लॉग काढला. नववी ‘ब’चा भूगोल ब्लॉग. मी फक्त नोंदणी करून दिली, पुढचं त्यांचं. दर गुरुवारी त्यात एक प्रश्न पडायचा. तुझ्या घराच्या सावलीचं टोक दुपारी बाराला कुठं पडतं? पन्हाळ्याकडनं वारा सुटला की तुझ्या आईच्या चुलीचा धूर कुठल्या दिशेला जातो? असले प्रश्न. पाठ्यपुस्तकात एकाचंही उत्तर नाही.

ब्लॉगचा पत्ता पाठ करायचा दंडक होता. पाढे म्हणावेत तसा साठ पोरांचा कोरस रोज. टिंब आलं की सगळ्यांनी बाकावर बुक्की मारायची. व्हरांड्यातून जाताना मी हसायचो. सर म्हणायचे, “हसा की पावणं. गाव सुटंल, शाळा सुटंल, वह्या रद्दीत जातील. पाठ केल्यालं कोण काढून घेतंय?”

आणि वर्गाच्या दाराशी खुर्चीवर एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा. त्यावर पांढऱ्या रंगानं, नकाशातल्या अक्षरांसारखं कोरून लिहिलेलं: इनबॉक्स. पोरांनी प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून, नंबर घालून त्यात टाकायचं. मी तो डबा रोज बघत होतो. फळ्यावरच्या इंटरनेटसारखाच हाही खेळ आहे असं मी धरून चाललो. चिठ्ठ्यांचं पुढं काय होतं, हा प्रश्न मला पडला नाही. जगाला प्रश्न विचारायची माझी ख्याती होती. पण सरांना हा एक विचारायचा राहिला.

त्या वर्षी शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी फळ्यावरचं इंटरनेट पाहिलं, मुख्याध्यापकांच्या खोलीत ब्लॉग पाहिला आणि हरखले. प्रत्येक प्रश्नाखाली पन्नास-पंचावन्न मुलांचे अभिप्राय! मुख्याध्यापक छाती काढून म्हणाले, “आमचा प्रत्येक विद्यार्थी इंटरनेटवर आहे, साहेब.” साहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. माझी ओळखसुद्धा कुणी करून दिली नाही. मी झालरीच्या कापडांशेजारी उभा होतो.

प्रत्येक विद्यार्थी इंटरनेटवर! माझं डोकं तापलं. आठवड्याला एक तास, दोन यंत्रं, साठ पोरं. कुठून आले हे अभिप्राय? मी तपास सुरू केला. हा शब्द तेव्हा मला फार आवडायचा. सगळे अभिप्राय शुक्रवारी सकाळी सात ते नऊ या वेळेतले. दोन अभिप्रायांमध्ये दोन-दोन मिनिटांचं अंतर. सगळ्यांची भाषा एकच, शुद्ध, आणि शेवटी ‘आपला नम्र’. साठ पोरं, आणि एकाचाही ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही? माझ्या वर्गात तर ‘संगणक’ चार प्रकारे लिहीत होती.

सगळ्यांत मोठा पुरावा सदतीस नंबरचा. ही मुलगी कोल्हापुरात मावशीकडं राहून शिकायची. आईला दुखणं लागलं म्हणून बापानं तिला मधेच शिरोळकडच्या गावी परत नेलं. पटावरून नाव कमी झालं. ते रजिस्टर मी स्वतः पाहिलं होतं. आणि तरी दर आठवड्याला तिचा अभिप्राय! “आज कृष्णेच्या घाटाच्या तीन पायऱ्या बुडाल्या.” “आज पाच. देवळाच्या ओट्याला अजून लागलं नाही.” सर तिच्या पायऱ्यांवरून वर्गाच्या भिंतीवर आलेख काढून घ्यायचे. लाल खडूची रेघ, दर आठवड्याला एक टिंब पुढं.

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा छापलं, तेवढं पुरे.

पत्रकाचं शीर्षक होतं, “नववी ‘ब’मधली भुतं!!!” वेळांचा तक्ता दिला. भाषेचे नमुने दिले. शाळा सोडून गेलेली मुलगीही नदीच्या पायऱ्या मोजते, असं तिच्या संपूर्ण नावानिशी लिहिलं, गावासकट. शेवटी विचारलं, “ही गुरूची शिकवण की बनावट सह्यांचा कारखाना???” प्रयोगशाळेच्या प्रिंटरवर एक प्रत काढली. त्या प्रिंटरला खोड होती, प्रत्येक कागदावर मधोमध एक पांढरी आडवी रेघ सुटायची. तिच्या चारशे झेरॉक्स काढल्या. पालकसभेच्या दिवशी त्या फाटकावर, चहाच्या टपरीवर, सायकलींच्या कॅरिअरला पोचल्या.

खाली लिहिलं होतं, “एक जागरूक पालक.” मला मूल तर सोडाच, बायकोही नव्हती. पण जूनमध्ये नूतनीकरण होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. टेबलावर पत्रक. मुख्याध्यापक म्हणाले, “मगदूम, ह्ये काय वो? खोटंच हाय म्हणा एकदा, म्हणजे मी मोकळा.”

सर म्हणाले, “खोटं न्हाई सायेब. टायपिंग मीच करतोय.”

मला आठवतं, माझ्या छातीत काहीतरी नाचलं. तीन उद्गारचिन्हं असतील.

मग सर बाहेर गेले आणि तो बिस्किटाचा डबा घेऊन आले. आणखी दोन डबे कपाटावरून काढले. टेबलावर उपडे केले. चिठ्ठ्यांचे गठ्ठे. प्रत्येक गुरुवारचा वेगळा, सुतळीनं बांधलेला, वर प्रश्न लिहिलेला. पोरांच्या अक्षरातल्या, शाईचे डाग पडलेल्या, ‘सावली’ तीन प्रकारे लिहिलेल्या शेकडो चिठ्ठ्या. सर दर शुक्रवारी सकाळी कॅफेत बसून एका बोटानं त्या चढवत होते. साठ पोरांकडं एक बोट होतं, ते सरांचं.

“मग सगळी भाषा एकसारखी कशी?” कुणीतरी विचारलं. मी नाही.

“शुद्धलेखन मी नीट करतो. जगात जातंय वो पोरांचं. शर्ट खोचून पाठवाय नको?”

मुख्याध्यापकांनी पत्रकावर बोट ठेवलं. “आणि ही सदतीस नंबर? हिचं नाव पटावरनं कमी केलंय आपण.”

सरांनी एक लहान गठ्ठा वेगळा काढला. चिठ्ठ्या बसच्या तिकिटाएवढ्या बारीक घडी केलेल्या. शिरोळ गाडीचा कंडक्टर सरांचा जुना विद्यार्थी. मुलगी धुणं घेऊन घाटावर यायची, पायऱ्या मोजायची, चिठ्ठी लिहायची आणि गाडी थांबली की त्याच्या हातात द्यायची. तो ती तिकिटांच्या पेटीत ठेवून आणायचा. परतीला सरांचा पुढचा प्रश्न आणि वर्गातल्या पाठाच्या चार ओळी.

“पटावरनं कमी झालं सायेब,” सर म्हणाले. “वर्गातनं न्हाई झालं. मार्चपतुर असंच चालवलं असतं, नंतर बापाच्या पाया पडून परीक्षेला बशिवणार हुतो.”

सगळे वाट बघत होते, आता सर ‘होगली बिडरी’ म्हणतील आणि चहा येईल. सर गठ्ठे परत डब्यात भरत राहिले. म्हणाले नाहीत.

इथं मी उठून उभं राहायला हवं होतं. वडिलांनी मला सभेत कसं उभं राहायचं तेही शिकवलं होतं: खुर्ची मागं सारायची, आधी नाव सांगायचं. मी खुर्चीला धरून बसलो. गठ्ठे भरायला मदतही केली. एक चिठ्ठी खाली पडली होती ती उचलून सरांना दिली. सर म्हणाले, “बरं झालं पावणं.”

तिसऱ्या दिवशी मुलीचा बाप आला. सोबत मावशीचा नवरा. मी मनात त्याला पत्रकातला खलनायक करून ठेवलं होतं: पोरीचं शिक्षण तोडणारा, वगैरे. प्रत्यक्षात टोपी हातात धरून दाराबाहेर उभा राहिलेला, उसाच्या पानानं हात चिरलेला माणूस. सरांनी खुर्ची दिली तर बसेना.

“सर, मी रागवाय आलो न्हाई,” तो म्हणाला. त्यानं खिशातून पत्रक काढलं, चार घड्यांचं. “पोरगी चिठ्ठ्या देत्याय, मला ठावं हुतं. मी काय आंधळा हाय व्हय? घाटावर जाताना पेन्सिल घिऊन कोण जातंय? गप बसलो हुतो. पर आता नावच छापलंय वो. गाव छापलंय. तिकडं बाजारात भज्याच्या पुड्याला आला ह्यो कागद. पावणंरावळं इच्यारायल्यात, कंडक्टरला कसल्या चिठ्ठ्या देत्याय पोरगी? काय सांगू मी? भूगोल सांगू?”

सरांनी हात जोडले. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. “माजी चूक हाय, दादा. नाव जगापुढं मीच पयलं घातलं.”

माझ्यासमोर चहाचा कप होता. त्यावर साय धरेपर्यंत मी त्याच्याकडं बघत बसलो होतो. एवढंच मी केलं. माझ्या चोवीस वर्षांच्या ज्वलंत आयुष्यातली सगळ्यांत मोठी कृती.

चिठ्ठ्या थांबल्या. भिंतीवरची लाल रेघ पाच पायऱ्यांवर थांबली. मार्चच्या आधीच कंडक्टरनं सरांना सांगितलं, “पोरगी दिली सर, सांगलीकडं. गाव नक्की म्हायीत न्हाई.” ती परीक्षेला बसली नाही.

मुख्याध्यापकांनी ब्लॉगवरून शाळेचं नाव काढायला सांगितलं. सर ते काम घेऊन कुणाकडं आले असतील? चप्पल काढून, दारात उभं राहून, “पावणं उठल्यात का?” मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन मी नाव काढून दिलं. सर मागं उभे राहून एकच सांगत होते, “मजकूर हलवा, रंग हलवा, पर पत्ता हलवू नगासा. पत्ता हाय त्योच ऱ्हाऊ दे.” मी विचारलं नाही का ते. न विचारायची मला आता सवय लागली होती.

आणि मग तो डब्याचा प्रकार. मुख्याध्यापकांनी शाळेचं नाव काढलं, पण सरांनी प्रश्न चालू ठेवले, आणि नववी ‘ब’च्या चिठ्ठ्याही. एक दिवस मी दाराशी सहज डब्यात डोकावलो. चिठ्ठ्या नेहमीपेक्षा जाड कागदाच्या, सारख्या आकाराच्या कापलेल्या. एक उलटून पाहिली. मागं माझंच वाक्य होतं: “बनावट सह्यांचा कारखा”. पुढचं कातरीनं गेलेलं.

पोरांना विचारलं. ती म्हणाली, सरांनी फाटकापासून टपरीपर्यंत फिरून सगळे कागद गोळा केले, गटारीतले सुद्धा. सायकलीवाल्यांकडनं मागून घेतले. का? एक पोरगा म्हणाला, “तिचं नाव पायाखाली यायलं हुतं न्हवं.” चारशेपैकी तीनशेच्या वर सापडले. प्रत्येकावर तिच्या नावावर आणि गावावर सरांनी काळ्या शाईनं चौकोन भरला, आणि मग कागद कापले, कारण एक बाजू कोरी होती. पुढं वर्षभर नववी ‘ब’नं जगाला आपली उत्तरं माझ्या पत्रकाच्या पाठीवर लिहिली.

जूनमध्ये माझं नूतनीकरण झालं. पुढच्या जूनमध्ये मीच सोडलं. तत्त्वासाठी सोडलं असं मी लोकांना सांगत असे.

त्यानंतर मी बरंच लिहिलं, नावानिशी. पण दर गुरुवारी तो पत्ता उघडून बघायचो. मलाही पाठ झाला होता, टिंबाला बोट आपोआप टेबलावर आपटायचं. सर निवृत्त झाले. नववी ‘ब’ मागं राहिली. तरी प्रश्न पडतच होते. मात्र आता ते सगळे नदीचे. पाणी घाटाला लागलं का? यंदा गाळ कुठल्या काठाला साचला? नवीन गावाला नदी कुठल्या अंगाला आहे? आणि प्रत्येकाखाली: अभिप्राय शून्य. शून्य. शून्य.

नोकरी सोडल्यावर चार वर्षांनी मी जयसिंगपूरला गेलो. घर लहान, नेटकं; सर एकटेच. दारातच म्हणाले, “या की पावणं! जेवूनच जायचं. भाकरी मीच थापतो, नकाशात न बसणाऱ्या देशांच्या आकाराच्या हुत्यात.” आत टेबलावर स्वतःचा संगणक, त्यावर कापड. झालर नव्हती. शेजारी बिस्किटाचा डबा.

मी पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं. ते पत्रक मी लिहिलं होतं.

“ठाऊक हाय,” सर म्हणाले. “पयल्या दिवशीच कळलं. मधनं पांढरी रेघ गेल्ती न्हवं. तुमच्या प्रिंटरची. माज्या सगळ्या नकाशांतनं गेल्याय ती, निम्मा महाराष्ट्र कापून.”

“मग बोलला का नाहीत? त्या मीटिंगमध्ये मी समोर बसलो होतो.”

“जूनला तुमचं नूतनीकरण हुतं की.”

मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर वाट बघत होतो. जयसिंगपूरपर्यंत ज्यासाठी आलो होतो तो शब्द आता येईल, होगली बिडरी, आणि मी मोकळा होईन. सरांना ते कळलं असावं.

“माजं असतं तर म्हणलो असतो पावणं,” ते सावकाश म्हणाले. “तिचं मी कसं म्हणू?”

मग त्यांनी डबा उघडला. अजून थोड्या चिठ्ठ्या उरल्या होत्या. एक माझ्यापुढं ठेवली, पेन ठेवलं. “तोंडी नको. तोंडी अभिप्राय मी घेत न्हाई. कागदावर लिवा. नाव घाला.”

मागच्या बाजूला काळा चौकोन होता, शाई थोडी विटलेली. मी तो अंगठ्याखाली झाकला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं. चारच ओळी. मुलीची माफी. उद्गारचिन्ह एकही नाही. खाली माझं पूर्ण नाव.

सरांनी कापड काढलं, संगणक लावला आणि हात मांडीवर ठेवून बसले. मीही बसलो. पाच मिनिटं पाहुण्याला टेकू दिलं. मग त्यांनी एका बोटानं माझी चिठ्ठी चढवायला घेतली. एका शब्दाशी थांबले, माझा ऱ्हस्व दीर्घ केला. मी विचारलं, “ती कुठून बघणार, सर?”

“पत्ता पाठ हाय तिला,” सर म्हणाले. “टिंबाला सगळ्यांत जोरात बुक्की तिचीच असायची. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल यायलेत. नवऱ्याचा असंल, दिराचा असंल. कवातरी एक दिवस घालंलच की पत्ता. आणि तवा दुकान बंद दिसलं तर?”

त्यांनी बटण दाबलं. शून्याच्या जागी एक आला. सर खुर्चीत मागं टेकले, पण नजर पडद्यावरून काढेनात.

“थांबा,” म्हणाले. “लोड व्हतंय.”

“झालं सर. आलं बघा पान. नावही दिसतंय.”

“हिकडचं झालं वो पावणं,” सर म्हणाले. “तिकडचं म्हणतोय मी.”